बाटलीआधी बोटे

तूर दीड महिन्याची झाली, की तिचा वरचा दोन-तीन बोटे शेंडा खुडायचा. हरभरा महिन्याचा झाला, की त्याचे कोवळे शेंडे काढायचे आणि त्याच संध्याकाळी त्यांची भाजी करायची. दसरा-दिवाळीसाठी लावलेला झेंडू वीतभर झाला, की त्याचा मधला शेंडा मोडायचा. महाराष्ट्रातल्या अनेक शेतकरी घरांत हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यासाठी ना औजार लागते ना औषध. अंगठा आणि तर्जनी पुरते. शेंडा गेला, की पानांच्या बेचक्यांत झोपलेले डोळे जागे होतात. एका खोडाच्या जागी चार-सहा फांद्या होतात आणि जितक्या फांद्या, तितकी फुलांना आणि शेंगांना जागा.

तरीही जुलै-ऑगस्टमध्ये कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारा प्रश्न असतो, ‘पीक नुसते वरच चालले आहे, फुटवा नाही. काय मारू?’ उत्तरादाखल मांडणीवरची एक बाटली समोर येते. कधी ते टॉनिक असते, कधी वाढ रोखणारे संजीवक, कधी दोन्ही. ‘आधी शेंडा खुडून पाहा’ असे तिथे क्वचितच सांगितले जाते, कारण त्या सल्ल्यात दुकानदाराला विकण्यासारखे काही नाही. ज्याची जाहिरात नाही, ते ज्ञान हळूहळू मागासलेले वाटू लागते. शेंडा खुडणीचे नेमके तेच झाले आहे. ती पुन्हा पहिल्या जागेवर आणायला हवी. जुनी आहे म्हणून नव्हे, तर शास्त्राच्या कसोटीला उतरते, खिशाला परवडते आणि शेतात राबणाऱ्या माणसाच्या आरोग्याला जपते म्हणून. मात्र तिची एक अट आहे. ती वेळेवर आणि योग्य पिकातच करावी लागते.

शेंड्याची सत्ता झाडावर कशी चालते, हे कळायला वनस्पतिशास्त्राला जवळपास दीड शतक लागले. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला. गवताचा कोवळा कोंब उजेडाकडे वळतो. पण त्याच्या टोकावर उजेड न शिरणारी टोपी चढवली, तर तो वळत नाही, असे त्यांना आढळले. वाकण्याची क्रिया खाली होते, पण हुकूम टोकाकडून येतो, एवढे त्यातून कळले. हा हुकूम म्हणजे एक रसायन आहे हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट येथे फ्रिट्स वेंट यांनी १९२६च्या सुमारास दाखवले. त्यांनी ओटच्या कोंबांची टोके कापून अगारच्या तुकड्यांवर ठेवली आणि नंतर नुसते ते तुकडे बिनटोकाच्या कोंबांवर बसवले. कोंब पुन्हा वाढू लागले. टोकातून अगारमध्ये उतरलेल्या या द्रव्याला पुढे ऑक्झिन हे नाव मिळाले.

शेतकऱ्याच्या कामाचा प्रयोग त्यानंतर झाला. १९३३ साली केनेथ थिमन आणि फोक स्कूग या दोघांनी बाकल्याच्या, म्हणजे ब्रॉड बीनच्या रोपांचे शेंडे छाटले. अपेक्षेप्रमाणे बाजूचे डोळे फुटले. मग काही रोपांच्या कापलेल्या टोकावर त्यांनी ऑक्झिन असलेले अगार ठेवले आणि ते वारंवार बदलत राहिले. या रोपांना शेंडा नव्हता, तरी बाजूचे डोळे दबलेलेच राहिले. शेंड्यातून खाली उतरणारे ऑक्झिन बाजूच्या फुटव्यांना आवरून धरते, हे यातून स्पष्ट झाले. शाळेच्या पाठ्यपुस्तकातले शेंड्याचे वर्चस्व ते हेच. मुळांकडून वर येणारे सायटोकायनिन याच्या उलट काम करते, ते डोळ्यांना फुटायला लावते. या दोघांच्या ओढाताणीत फांदी निघायची की नाही, हे ठरते.

गोष्ट इथे संपली नाही. २००८ साली दोन संशोधन गटांनी एकाच वेळी फांद्या रोखणारे आणखी एक संप्रेरक ओळखले, त्याचे नाव स्ट्रिगोलॅक्टोन. या नावाचा ज्वारी पिकवणाऱ्याशी जवळचा संबंध आहे. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला शास्त्रीय भाषेत स्ट्रायगा म्हणून ओळखला जातो. त्याचे बारीक बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि मुळांतून पाझरणाऱ्या एका द्रव्याची चाहूल लागली, की उगवते. त्या गटातले पहिले द्रव्य १९६६ साली कपाशीच्या मुळांतून वेगळे काढले गेले. टारफुल्याला जागे करणारी ही द्रव्ये झाडाच्या आत मात्र फांद्यांना झोपवून ठेवतात, हे कळायला त्यानंतर चार दशके गेली.

सगळ्यात उपयोगी धडा २०१४ सालचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांचे शेंडे कापून वेळ मोजली. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटीमीटर या गतीने खाली सरकते. शेंड्यापासून दूर असलेल्या डोळ्यांजवळचे ऑक्झिन घटायच्या आधीच ते डोळे वाढू लागले होते. त्यांना आधी मिळाली ती साखर. पानांत तयार होणाऱ्या साखरेचा मोठा वाटा वाढता शेंडा ओढून घेत असतो. तो गेला, की ही साखर काही तासांत बाजूच्या डोळ्यांकडे वळते आणि ते हलतात. ऑक्झिनचे काम त्यानंतर, फांदी पुढे वाढू द्यायची की नाही हे ठरवताना, सुरू होते. पंगतीत सगळ्यात वर बसलेल्याने ताट रिकामे करू दिले नाही, तर बाकीचे अर्धपोटीच राहतात. शेंडा आणि डोळे यांचे नाते तसेच आहे.

या साखरेच्या हिशेबातून खुडणीचे जवळपास सगळे नियम निघतात. पहिला नियम असा, की शेंडा तेवढा घ्यावा, पाने ठेवावीत. तुरीत वरचा पाच-सहा सेंटीमीटरचा कोवळा भाग पुरतो. अर्धे झाड कापले, तर साखर करणारी पानेच जातात आणि नव्या डोळ्यांना खायला काही उरत नाही. दुसरा नियम असा, की झाडाच्या अंगात बळ असताना खुडावे. पाण्याचा ताण पडलेले, पिवळे पडलेले किंवा मर रोगाने मान टाकलेले रोप खुडल्याने सुधारत नाही, आणखी मागे पडते. तिसरा नियम असा, की नव्या फांद्यांना ऊन आणि जागा हवी. दाट पेरलेल्या शिवारात फांदी निघाली, तरी शेजारच्या झाडाच्या सावलीत ती किरकोळच राहते. रुंद अंतरावरच्या तुरीत खुडणीचा जो परिणाम दिसतो, तो दाट पेरणीत दिसत नाही, याचे कारण हेच.

चौथा नियम वेळेचा आहे आणि चूक सर्वांत जास्त होते ती इथे. बीएसएमआर-७३६ सारखा तुरीचा उशिरा येणारा वाण शेतात जवळपास सहा महिने असतो. त्याला दीड महिन्याने खुडले, तर फांद्या वाढवून फुलावर यायला पुरेसा अवधी मिळतो. बीडीएन-७११ सारखा वाण त्याहून लवकर तयार होतो, त्याच्याकडे तेवढी सवड नसते. कोणत्याही वाणात कळी दिसू लागल्यावर शेंडा खुडणे म्हणजे फुलोरा पुढे ढकलणे. कोरडवाहू रानात तोवर ओल संपते आणि वाढलेल्या फांद्यांवर शेंगा भरायच्या राहून जातात. हरभऱ्यातही महिना ते चाळीस दिवस हा काळ, तोही फुले लागण्यापूर्वीचाच. उशिरा पेरलेला, ओलीअभावी आधीच खुंटलेला हरभरा खुडण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याने खुडला म्हणून आपणही खुडला, या हिशेबात खुडणी नेहमी फसते आणि मग दोष पद्धतीला लागतो.

कपाशीचा शेंडा वेगळ्या कारणासाठी काढतात. तिथे फांद्या वाढवायच्या नसतात, उंची थांबवायची असते. कपाशीला खालच्या बाजूला गळफांद्या येतात. त्या मुख्य खोडासारख्या उभ्या वाढतात आणि त्यांच्यावर थेट बोंडे लागत नाहीत. त्यांच्या वर आडव्या, नागमोडी फळफांद्या येतात, बोंडे धरतात ती याच फांद्यांवर. काही शेतकरी गळफांद्या लवकर काढून टाकतात आणि झाड तीन-साडेतीन फुटांचे होऊन पुरेशा फळफांद्या आल्या, की शेंडा खुडतात. म्हणजे साखर उंचीवर खर्च न होता बोंडांकडे जाते. तुरीची वेळ कपाशीला लावली किंवा कपाशीची तुरीला, तर दोन्हीकडे नुकसानच होते.

काही झाडांच्या शेंड्याला हात लावायचाच नसतो. नारळ, सुपारी यांना वाढीचा एकच कोंब असतो. तो गेला, की झाड गेले, कारण बाजूला फुटायला दुसरा डोळाच नसतो. कोकणात गेंड्या भुंगा आणि कोंब कुजण्याचा रोग यांची एवढी धास्ती असते ती त्यामुळेच. ज्वारी किंवा तेलबियांसाठी लावलेल्या सूर्यफुलात कणीस नाहीतर फूल त्या एका टोकावरच येते. म्हणून ‘प्रत्येक रोपाचा शेंडा खुडा’ असे सरसकट सांगणारे मोबाइलवरचे व्हिडिओ दुकानातल्या बाटलीइतकेच फसवे ठरू शकतात.

शहरातल्या गॅलरीत याच शास्त्राची उलटी अंमलबजावणी रोज चालू असते. चहात टाकायला तुळशीची पाने हवी असली, की हात खालच्या मोठ्या पानांकडे जातो. फोडणीला कढीपत्ता हवा, की खालच्या पानांच्या काड्या ओरबाडल्या जातात. शेंडा मात्र ‘वाढतोय, वाढू दे’ म्हणून जपला जातो. वर्षभरात खाली काडी आणि वर चार पाने असे झाड उभे राहते. कापायला हवे असते ते नेमके याच्या उलट. तुळस, पुदिना, कढीपत्ता यांचा शेंडा दोन-चार पानांसह घ्यावा, खालची पाने झाडाला स्वयंपाक करायला ठेवावीत. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर काढण्याची जुनी रीतही याच हिशेबात बसते, कारण बी धरू लागले की झाडाचा खुराक तिकडे वळतो. पण रोप काळोख्या गॅलरीत असेल, तर शेंडा खुडून ते भरगच्च होणार नाही. उजेड कमी पडला, की कोंब लांबुडके होतात. एका लांबुडक्या कोंबाच्या जागी चार लांबुडके कोंब मिळणे, एवढाच तिथे खुडणीचा लाभ. आधी कुंडी उन्हात हलवावी. टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांना हात लावण्यापूर्वी तो साबणाने धुवावा, विशेषतः तंबाखू मळणाऱ्यांनी. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांवरून या रोपांत सहज जातो.

आता बाटलीकडे वळू. वाढ रोखणारी संजीवके खोटी नाहीत. मेपिक्वाट क्लोराइड, क्लोरमेक्वाट क्लोराइड, पॅक्लोब्युट्राझॉल ही द्रव्ये झाडात जिबरेलिन तयार होण्याची वाट अडवतात, पेरे आखूड राहतात आणि झाड बुटके होते. शिफारशीप्रमाणे, योग्य मात्रेत आणि योग्य पिकात वापरली, तर ती आपले काम करतात. प्रश्न येतो मात्रेचा आणि अंशाचा. २०१०च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांच्या खेपा क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांच्या भाषेतल्या सीसीसीच्या अंशामुळे अडकल्या आणि निर्यातदार व बागायतदार यांना मोठा फटका बसला. तपासणीत सापडले म्हणून ते कळले तरी. गावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाची अशी तपासणी कितीशी होते?

त्याच द्राक्षबागेत बोटांनी काय साधते, हेही पाहण्यासारखे आहे. खरड छाटणीनंतर निघालेल्या नव्या काडीचा शेंडा बागायतदार साधारण सातव्या पानाच्या आसपास खुडतात आणि बगलेतून निघणारी फूट पुढे वाढू देतात. तिलाच ते सबकेन म्हणतात. सरळ धावणाऱ्या काडीचा जोर मोडला, की खालच्या डोळ्यांत अन्न साठते आणि पुढच्या हंगामाचा घड तिथे आकार घेतो. जगात कौतुक होणाऱ्या द्राक्षशेतीतला हा सगळ्यात नाजूक निर्णय अजूनही माणसाच्या नखाच्या टोकावर आहे. मग तूर-हरभऱ्याच्या शेतात तोच निर्णय गावंढळ का वाटावा?

टॉनिकांची गोष्ट आणखी धूसर आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून केंद्र सरकारने बायोस्टिम्युलंट, म्हणजे जैव-उत्तेजके, कायद्याच्या चौकटीत आणली. त्यापूर्वी त्यांना फारशी वेसण नव्हती. केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जुलै २०२५मध्ये दिलेल्या माहितीनुसार, अशी सुमारे ३० हजार उत्पादने वर्षानुवर्षे तपासणीविना विकली जात होती आणि नियम कडक केल्यावर त्यांची संख्या साधारण ६५०वर आली. या दोन आकड्यांमधले अंतर शेतकऱ्यांच्या खिशातून भरले गेले आहे. त्या हजारो बाटल्यांत काही चांगल्याही असतील. पण कोणती चांगली हे ओळखायचे साधन विकत घेणाऱ्याकडे नव्हते. बोटांनी खुडलेला शेंडा निदान तेवढा पारदर्शक आहे. दहा-पंधरा दिवसांत फुटवा दिसतो किंवा दिसत नाही.

खुडणीचा आरोग्याशी असलेला संबंध इथून सुरू होतो आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्याची कारणे अनेक होती. जहाल कीटकनाशकांची मिश्रणे, हातमोजे-मास्कचा अभाव, उपचाराला झालेला उशीर, सगळे त्यात आले. त्याच कारणांत एक गोष्ट वारंवार सांगितली गेली. त्या हंगामात कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि वर मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच तोंडानाकावर येत होता. शेंडा खुडला असता तर ते सगळे वाचले असते, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. विष ते विषच. पण झाडाची उंची ही कामगार सुरक्षेची बाब आहे, एवढे त्या हंगामाने शिकवायला हवे होते. कपाशी कमरेच्या-छातीच्या खाली राहिली, तर नळी खालच्या दिशेने धरता येते आणि औषध अंगावर कमी येते. मास्क आणि हातमोज्यांच्या बरोबरीने पिकाची उंचीही सल्ल्याच्या पहिल्या ओळीत यायला हवी.

चहाच्या मळ्यांनी हे केव्हाच साधले आहे. आसामी चहा मोकळा वाढू दिला, तर त्याचा मोठा वृक्ष होतो. ठरावीक काळाने छाटणी आणि वरचेवर दोन पाने-एक कळी अशी खुडणी यामुळे तो कमरेएवढे झुडूप राहतो आणि तोडणाऱ्या बाईचा हात सहज पोचतो. एक अख्खा उद्योग माणसाच्या उंचीला झाड बेतून उभा आहे. कपाशीच्या शेतात मात्र ‘झाड किती उंच गेले’ हे अजून अभिमानाने सांगितले जाते.

हरभऱ्याच्या खुडणीत आरोग्याची दुसरी बाजू दिसते. खुडलेले कोवळे शेंडे म्हणजे हिवाळ्यातली उत्तम पालेभाजी. लोह आणि कॅल्शियम देणारी, ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली जाणारी. हरभऱ्याच्या पानांवरची आंब मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची असते. भाजीची आंबट चव तिच्यामुळेच येते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ही भाजी बेताने खावी, तेही डॉक्टरांना विचारून. खुडणाऱ्या बायांच्या बोटांना याच आंबेची झळ लागते, तेव्हा साधे हातमोजे किंवा बोटांना फडके एवढी सोय तरी मालकाने करावी. खरी काळजी घ्यायची ती घाटेअळीच्या फवारणीची. कीटकनाशकाच्या बाटलीवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, हे लिहिलेले असते. हरभऱ्यासाठीचे ते दिवस दाणे काढणीच्या हिशेबाने ठरवलेले असतात. पाने खुडून त्याच दिवशी शिजवली जातील, हे त्यात धरलेले नसते. म्हणून भाजीसाठी खुडणी पहिल्या फवारणीच्या आधीच व्हावी. फवारलेल्या रानातला शेंडा घरात येऊ नये, बाजारात तर मुळीच जाऊ नये.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो रास्त आहे. ‘खुडायला माणूस कुठून आणायचा?’ एकरभर तुरीचा झाडन्‌झाड शेंडा हाताने खुडायचा, तोही निंदणी-खुरपणीच्या ऐन घाईत. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. हे काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात, त्यांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी असते आणि घरच्या बाईने केले तर तिचा हिशेब कुठेच लागत नाही. खुडणी फुकट आहे असे म्हणताना हे विसरता कामा नये. ती औषधाच्या दृष्टीने फुकट आहे, श्रमाच्या दृष्टीने नाही. ज्या घरात बाटलीचे हजार रुपये ‘खर्च’ या रकान्यात जातात आणि बाईचे चार दिवस कोणत्याच रकान्यात जात नाहीत, तिथे तुलनाच चुकीची होते. दोन्ही रुपयांत मांडावे आणि मग ठरवावे.

श्रम हलके करण्याचे उपायही शेतकऱ्यांनीच शोधले आहेत. मराठवाडा-विदर्भात पाठीवरच्या फवारणी पंपाच्या बॅटरीवर छोटी मोटर आणि पाते बसवून केलेली खुडणी यंत्रे आता बरीच दिसतात. उभ्याने चालत जाऊन शेंडे छाटता येतात, वेळ खूप वाचतो. पण ते पाते उघडे फिरत असते. त्यावर जाळीदार आवरण आणि वापरणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवाच. यंत्राने सगळी झाडे एकाच उंचीवर कापली जातात, त्यामुळे बुटकी राहिलेली झाडे सुटतात आणि उंच झाडांचा हवा त्यापेक्षा जास्त भाग जातो, हेही ध्यानात ठेवावे. तरीही वेळ साधायचीच असेल, तर हाताने उशिरा खुडण्यापेक्षा यंत्राने वेळेवर खुडणे चांगले. कृषी विद्यापीठांनी या घरगुती यंत्रांना सुरक्षित रूप द्यावे आणि अवजारांच्या अनुदानात त्यांना जागा मिळावी, ही मागणी मोठी नाही.

त्याहून सोपी मागणी माहितीची आहे. तुरीचा कोणता वाण, किती अंतरावर पेरला, ओल किती आहे, त्यावरून खुडावे की नाही आणि कोणत्या आठवड्यात, हे एका पानाच्या तक्त्यात सांगता येते. बियाण्याच्या पिशवीवर पेरणीची खोली आणि खताची मात्रा छापतात, तिथे ही एक ओळ छापायला काय हरकत आहे? गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्यांनी पावसाच्या अंदाजाबरोबर ‘या आठवड्यात तूर खुडण्याची वेळ’ एवढा निरोप पाठवला, तरी फसणाऱ्या अनेक खुडण्या टळतील. महाराष्ट्र हे तुरीच्या देशातल्या प्रमुख राज्यांपैकी एक आणि तरीही देशाला म्यानमार-मोझांबिककडून तूर विकत आणावी लागते. अशा वेळी उत्पादन वाढवण्याचा कोणताही स्वस्त मार्ग दुकानाच्या मांडणीवर दिसत नाही म्हणून वाया घालवणे परवडणारे नाही.

खुडणीने प्रत्येक शेतात उत्पादन वाढतेच, असा दावा कोणी केला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. जमीन, वाण, अंतर आणि पाऊस बदलला, की निकाल बदलतो. म्हणून सर्वांत खात्रीचा पुरावा ज्याने त्याने आपल्याच शेतात तयार करावा. तूर खुडताना मधल्या चार ओळी मुद्दाम तशाच सोडाव्यात, बांधाला खूण करावी आणि काढणीला त्या चार ओळींचे दाणे शेजारच्या खुडलेल्या चार ओळींच्या दाण्यांशी तोलून पाहावेत. थिमन आणि स्कूग यांनी केले ते याहून वेगळे नव्हते. काही रोपे खुडली, काही तशीच ठेवली आणि फरक पाहिला. टॉनिकचीही परीक्षा अशाच चार ओळी सोडून घेता येते. जी बाटली या चार ओळींत उतरणार नाही, तिला पुढच्या हंगामात पैसे का मोजावेत?